नंदीच्या पाठीवर

लक्ष्मम्मा माझी बायको. बहात्तरच्या दुष्काळात ती परकरातली पोर होती. उदगीरकडं आईबरोबर खडी फोडायची. लातूर नवा जिल्हा झाला त्या साली आमचं लग्न झालं. नव्या कचेरीची लोखंडी कपाटं मी जिन्यानं वर चढवली, तिनं खाली वाळू चाळली. पुढं मी अडत बाजारात हमाली केली, ती डाळ मिलमध्ये गेली.

एक गोष्ट तिनं कधी चुकवली नाही. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी वाहायचं, ते तीर्थ घ्यायचं, मगच घास. टँकर आला नाही त्या दिवशीही चमचाभर पाणी लिंगापुरतं असायचंच.

आमच्या पोराचं, गुरुपादचं, जळकोटला खताचं दुकान. विक्री चांगली झाली म्हणून कंपनीनं त्याला जहाजाची दोन तिकिटं दिली. त्यानं आम्हाला पाठवलं.

मुंबईच्या बंदरात मला वाटलं, समोर इमारत आहे आणि जहाज तिच्यामागं असेल. इमारत तीच जहाज निघाली. आत नाटकगृह, दुकानं, नाचायची जागा. सगळ्यात वर पोहायचा तलाव, काठोकाठ.

लक्ष्मम्मा काठाशी उभी राहून म्हणाली, "हे भरतंय कोण हो? इथं टँकर तर येत न्हाई."

खोली आवरणारा मोनप्पा मंगळूरकडचा होता. लक्ष्मम्माला माहेरची कन्नड येते, त्यामुळं दोघांचं जमलं. संध्याकाळी जादूचा खेळ बघून आलो, तर पलंगावर टॉवेल दुमडून केलेला हत्ती बसलेला.

"नंदी हाय," ती म्हणाली.

"अगं, सोंड दिसंना का?"

"जीभ हाय ती. बैल बघितलाव का कधी? जन्म गेला पोत्याखाली."

तिनं त्याच्या कपाळाला विभूती लावली.

सकाळी मी समुद्र बघायला वर गेलो. परत आलो तर ती ओल्या केसांनी खाली बसलेली. पलंग स्वच्छ, टॉवेल नवे, नंदी नाही.

"लिंग गेलं," ती म्हणाली.

तिची सारी आंघोळ बादलीतली. इथं पाणी वरून जोरात आदळतं. दोरा तुटला तर लिंग जाळीतून समुद्रात जाईल, या भीतीनं तिनं जन्मात पहिल्यांदा ते अंगावेगळं केलं. टेबल हलत होतं. म्हणून नंदीच्या पाठीवर, कानाखाली ठेवलं. लिंग पांढऱ्या कापडात, नंदीही पांढरा. तेवढ्यात मोनप्पा खोली आवरून गेला.

तिला शुगर आहे. वर जेवणाची टेबलं नजर पोचेल तिथवर मांडलेली.

"पाणी तरी घे."

"लिंग गळ्यात नसताना घोट उतरायचा न्हाई."

मोनप्पानं कपाळावर हात मारून घेतला. साहेबाची परवानगी काढून त्यानं आम्हाला खाली नेलं. वर गालिचे होते, इथं उघडं लोखंड आणि वाफ. धुलाईची यंत्रं आमच्या डाळ मिलच्या यंत्रांहून मोठी. एक माणूस ओल्या चादरी ओढून काढत होता. ओलं कापड पोत्याहून वाईट. पोतं पाठीवर बसतं, ओलं कापड कंबर ओढतं. तो गुडघ्यातून वाकत होता. वर लोक नाचत होते, त्या ढोलाचा ठोका खाली पत्र्यातून येत होता. सगळं जहाज मला या माणसांच्या खांद्यावर दिसलं.

सकाळचे टॉवेल छतापर्यंत रचलेले. काही यंत्रात गेलेले. मुख्य माणसानं यंत्र थांबवलं. सगळे एकेक टॉवेल झटकू लागले. लक्ष्मम्मा खाली बसून झटकायला लागली.

मोनप्पा म्हणाला, "अम्मा, उठा. फरशी तापलीय."

"खडी याहून तापायची," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. मात्र ओठ पांढरे पडले होते.

मग लोखंडावर टक् असा आवाज झाला. चादरी ओढणाऱ्यानं उचललेला पाय तसाच हवेत धरला. कुणी हात लावला नाही. वाट करून दिली. तिनं लिंग उचलून कपाळाला लावलं.

"पाणी," ती म्हणाली.

त्यांनी मांडीएवढ्या जाड नळाची तोटी उघडली. तिनं ती फिरवून धार दोऱ्याएवढी केली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पूजा केली, तीर्थ घेतलं. तोवर यंत्र बंदच होतं. मग चादरीवाल्यानं आपला डबा उघडला. दहीभात होता. पहिला घास तिनं तिथंच खाल्ला.

संध्याकाळी पलंगावर पुन्हा जनावर होतं. या वेळी त्याला सोंड नव्हती. शिंगं होती, वशिंडही होतं. घड्या बघून कळत होतं, मोनप्पानं किती जीव लावून दुमडलं ते. लक्ष्मम्मानं तो टॉवेल मोडू दिला नाही. सकाळी पदरानं अंग पुसलं. लिंग मात्र आंघोळीतही गळ्यातच होतं.