राळेने बुजवलेली भोकं

बंदरावर राळेचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. वडिलांच्या जुन्या गाडीचा दारांखालचा पत्रा खाऱ्या हवेने कुजला होता, म्हणून मी माणगावहून नवा बनवून आणला आणि चौलच्या एका मिस्त्रीकडे बसवायला दिला. जन्मभर होड्या दुरुस्त केलेला माणूस. वेल्डिंग झकास केलं. पण मी जेवून येईपर्यंत त्याने पत्र्याच्या तळाची सगळी भोकं कापूस आणि राळ ठासून बुजवली आणि वर ऐटीत म्हणाला, "आता थेंब आत न्हाय जायाचा." मी भडकलोच. "अहो, ती आतलं पाणी बाहेर पडायला ठेवतात! गाडी आहे ही, होडी नाही! एवढंही कळत नाही?" ओरडून माझा घसा बसला. तो कापून काढलेला जुना पत्रा घेऊन आला आणि माझ्यासमोर उलटा धरला. त्याचीही भोकं बुजलेली होती, डांबराने. "ह्यो कुठला मिस्त्री व्हता?" त्याने विचारलं. गंज चढू नये म्हणून दर पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला ते डांबर मीच फासत होतो. "होता एक महामूर्ख," मी म्हणालो. त्याचं नाव मी अजून घरातही कुणाला सांगितलेलं नाही.