सुखाचं बटण: नागपूर ते कुरखेडा, कंबर सांभाळून

गाडी माझी नाही हे आधीच सांगतो, नाहीतर सोयरे लग्नाला मागायला येतील. गाडी माझ्या भाच्याची, मकरंदची. सात माणसं ऐसपैस बसतील अशी, दिमाखदार. कंबर त्याच्या आईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची. मणक्याच्या ऑपरेशननंतर आठ महिने ताई रिक्षातसुद्धा बसलेली नव्हती. कुरखेड्याला तिनं वीस वर्षं शाळेत शिकवलं. तिथली तिची मैत्रीण यमुनाबाई दर रविवारी फोनवर विचारायची, "कवा येऊन राह्यली वं?"

डॉक्टर म्हणाले, धक्के बसणार नसतील तर जा. मकरंद म्हणाला, "मामा, माझ्या गाडीत धक्का बसतच नाही." ठरलं असं, की दुखलं तर असू तिथून परत फिरायचं.

आमचे संस्कृतचे गुरुजी 'सुख' शब्द फोडून दाखवत. 'ख' म्हणजे चाकातलं आसाचं भोक. ते नीट असेल तर सु-ख, वेडंवाकडं असेल तर दुः-ख. सगळ्या पंडितांना ही फोड पटत नाही. पण गुरुजी बैलगाडीनं शाळेत येत, त्यामुळे त्यांचा पुरावा बसायच्या जागीच होता.

या गाडीत सु आणि दुः एका बटणावर आहेत. 'स्पोर्ट' दाबलं की गाडी खाली बसते, स्टिअरिंग जड होतं आणि वळणावर ती रुळावरून गेल्यासारखी जाते. 'कम्फर्ट' दाबलं की हवेचं सस्पेन्शन मऊ पडतं. मकरंदनं अर्थातच स्पोर्टमध्ये नागपूर सोडलं. गाडीची पकड खरंच देखणी होती. पण रस्त्याचा प्रत्येक सांधा सीटमधून आपली ओळख करून देत होता. ताई दारावरची मूठ धरून गप्प. गप्प बसलेली शिक्षिका ही धोक्याची सूचना असते.

वरोऱ्याला तर्री-पोहे खाल्ले (सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर नुसती तर्री उरते) आणि कम्फर्ट दाबलं. मग काय वर्णावं! चंद्रपूरपर्यंत गाडी लोण्यावरून गेली. ताईनं मूठ सोडली, चक्क एक डुलकी काढली. मकरंदचा चेहरा विजयी.

मूलच्या पुढे रस्ता धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, तलावांच्या पाळींना वळसे घेत जातो. तिथे लोण्याचं ताक झालं. प्रत्येक वळणावर गाडी एका अंगावर कलायची, सरळ व्हायला वेळ घ्यायची.

"मकरंद, थांब," ताई म्हणाली. "कंबर ठीक आहे. पोटात होडी चाललीय."

तलावाच्या पाळीवर थांबलो. ताई दगडावर टेकली आणि म्हणाली, "परतच फिरू या रे." ती हे यमुनाबाईला आता कसं सांगणार?

शेजारी एक मासेमार जोडपं मोटारसायकलवर माशांच्या पिल्लांच्या थैल्या बांधत होतं. थोडं पाणी, बाकी फुगवलेली हवा. त्यातली बाई जवळ आली.

"काऊन जी, बाईले चक्कर येऊन राह्यली का?"

मकरंदनं दोन्ही बटणांची कहाणी सांगितली. बाईनं थैली उचलून दाखवली. "हे पहा. पाणी आदळलं तं हे माशाचं बीज मरते. लय हिंदकळलं तरी मरते. रस्ता पाहून धरा लागते. ते बटन कोनाच्या हाती हाय?"

"माझ्या."

"तुमाले दुखते का?"

"नाही."

"मंग?" ती म्हणाली. "ज्याले लागते त्याच्या हाती द्या न. अन् बाईले समोर बसवा, रस्ता दिसला पायजे."

तिचा नवरा थैलीची गाठ आवळत म्हणाला, "मले बी असंच मागून सांगत राह्यते, भाऊ. ऐका लागते."

ताई पुढे बसली. बटण तिच्या ताब्यात. वळण दिसलं की स्पोर्ट, खड्डा दिसला की कम्फर्ट, आणि दोन्हींच्या आधी "हळू!" हे तिसरं बटण तिच्याकडे मुळातच होतं. तशी चालवल्यावर कळलं, गाडी किती गुणी आहे. वैनगंगेच्या पुलावर ताई चक्क गुणगुणत होती.

मुक्काम गडचिरोलीत केला. डिझेल तिथेच भरून घ्या. सकाळी धानोऱ्यावरून रानातल्या रस्त्यानं निघालो. दोन्ही बाजूंना साग, मध्ये उखडलेलं डांबर. एवढी जड गाडी, पण ताईच्या बोटाखाली शहाण्या बैलासारखी चालली. कुरखेड्यात ताई कुणाचा हात न धरता उतरली. यमुनाबाईनं तिला आधी मिठी मारली, मग गाडीकडे पाहिलं. "एवढी मोठी गाडी, अन् यायले आठ महिने लावले!"

नागपूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी फोन केला, तर ताई शेकायची पिशवी घेऊन पडलेली. गाडी हरली म्हणायची?

"गाडीचं नाव काढू नकोस," ताई म्हणाली. "यमुनाच्या ओसरीवर तीन तास मांडी घालून बसले होते. उठवतच नव्हतं. डॉक्टरांना सांगू नकोस, आणि मकरंदला तर मुळीच नको. तो ओसरीलाही सस्पेन्शन बसवायला निघेल."