राणीची काच कुणी पाहिली

नागपूरच्या सदरमधल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या सकाळी टेबलावर सहा माचिसच्या डब्या मांडल्या होत्या... काडी एकीतही नव्हती. कुत्र्यांची शी तपासायला लोक तेव्हा अशीच आणत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी नवीकोरी डॉक्टरीण, आणि पाळीव कुत्र्यांच्या पोटातले जंत कसे ओळखायचे हे दवाखान्यातल्या मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर-अटेंडंट मंडळींना शिकवायचं काम माझ्याकडे आलेलं. माझा तोरा काही विचारू नका!

शी मिठाच्या दाट पाण्यात कालवायची, जंतांची अंडी वर तरंगतात, ती काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायची. जाड काळ्या काठाचे गोल म्हणजे हवेचे बुडबुडे, त्यांना फसायचं नाही... हे मी सगळ्यांकडून घोकून घेतलं.

तेवढ्यात रामदासपेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका त्यांच्या राणीला घेऊन आल्या. कुत्रीने मान टाकलेली, हिरड्या पांढऱ्याफटक. जंताचं नेहमीचं औषध दोनदा देऊन झालं होतं. बाई एकट्या राहत, घरात राणीशिवाय कुणी नव्हतं.

मी घाईघाईत राणीच्या शीची काच पाहिली आणि सांगून मोकळी झाले, नुसते बुडबुडे आहेत, जंत नाहीत. मग एकेकाला बघायला बोलावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अटेंडंट सुखदेवभाऊ मात्र मागेच उभे. वीस वर्षं तो मायक्रोस्कोप तेच पुसत होते.

"मले कायले, बाई? आधीच्या साहेबानं सांगतलं होतं, मशीनमधी पाहाचं नाही."

ही मनाई बाकी कुणाला नव्हती. सुखदेवभाऊ दर दसऱ्याला घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर जात... कारण मला विचारावं लागलं नाही. त्या साहेबाचा असा संताप आला! मी स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "बाई, बुडबुडे तं हायेतच. पण कोपऱ्यात एक पातळ काठाचं, लांबट दिसून राहिलं. आत चार दाने हायेत. हे काय होय?"

मी पुन्हा काचेला डोळा लावला. रक्त पिणाऱ्या जंताचं अंडं होतं ते. नेहमीच्या औषधाला हा जंत दाद देत नाही. मी लगेच औषध बदललं, रक्तवाढीची इंजेक्शनं सुरू केली... आणि बाईंना सांगितलं, "पुन्हा बघताना मला सापडलं."

काही आठवड्यांनी राणी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली. बाईंनी माझे हात धरले. "तुमची नजर म्हणून वाचली हो माझी पोर." सुखदेवभाऊ तिथेच बादली घेऊन उभे होते. ते फरशी पुसायला वळले. मी ते कौतुक तसंच घेतलं.

पुढे कितीतरी नव्या लोकांना काच बघायला त्यांनीच शिकवलं, पण ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या साहेबावर मी किती चिडले होते... आणि स्वतः काय केलं?

माफ करा, सुखदेवभाऊ. राणीला तुम्ही वाचवलं.