चाळीस पावलांवरचा मायक्रोवेव्ह

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. आणि आता सांगते आहे ते मन हलकं करायला नाही — मला राग आलाय म्हणून.

गेल्या महिन्यात इथे अमेरिकेत, ट्रॉयच्या आमच्या मराठी मंडळात माझं भाषण ठेवलं होतं. विषय, सुरक्षितता. ओळख करून देणाऱ्या बाई म्हणाल्या की मेधाताईंनी त्या अपघाताआधी वेळीच सावध केलं होतं, पण ऐकतंय कोण? टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून हसले — नम्रपणे. नम्रपणे! शेवटच्या रांगेत नीलेश बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता.

नीलेश माझा जुना सहकारी. त्याची बायको वैशाली माझी मैत्रीण. मी गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करते. लोकांना ‘थांबा’ म्हणायचा पगार घेते. रायफल शूटिंगचा नाद आम्हा दोघींना नीलेशनेच लावला. त्याच्या ऑफिसातल्या एका माणसाचं तासाभरावर शेत होतं, मागे मातीचा उंच बांध. तिथे आम्ही कधीमधी शनिवारी जायचो.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या अशाच एका शनिवारी त्याने फुटणारी टार्गेट्स आणली होती. प्लास्टिकच्या बरणीत दोन पावडरी एकत्र करायच्या, लांब ठेवायची, रायफलची गोळी बसली की धडाका. जाताना गाडीत बरणीवरची सूचना मी वाचली. अक्षर न् अक्षर वाचलं — सवयच आहे. शंभर यार्डांच्या अलीकडून मारू नका. धातूच्या वस्तूत किंवा वस्तूजवळ ठेवू नका. एकावेळी एकच बरणी. चष्मा डोळ्यांवरच हवा.

किती स्पष्ट लिहिलं होतं! आणि तरी लोक म्हणतात, ‘अपघात झाला.’ कसला अपघात? चिडचिड होते माझी त्या शब्दाने.

पहिल्या दोन बरण्या नीट, एकेक करून, शंभर यार्डांवर ठेवल्या. आमच्यातल्या कुणाचीच गोळी धड लागेना. लागली तेव्हा फट् झालं, थोडा पांढरा धूर. नीलेशला ते मिळमिळीत वाटलं. मग त्याने डिकीतून घरचा बंद पडलेला मायक्रोवेव्ह काढला. उरलेल्या दोन बरण्या त्यात ठेवल्या, दार लावलं आणि चाळीस पावलं मोजत परत आला.

मी बघत होते. तीन चुका, एकावर एक. मी मोजल्यासुद्धा. वैशाली बाजूला उभी राहून फोनवर व्हिडिओ घेत होती. स्क्रीन नीट दिसावी म्हणून तिने संरक्षक चष्मा कपाळावर सरकवलेला. म्हणजे चार.

‘मारू?’ अशा नजरेने नीलेशने आमच्याकडे वळून पाहिलं. आम्ही तिघांनीही कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले होते. मी मान डोलावली.

का डोलावली? बरीच वर्षं माझ्याजवळ एक उत्तर तयार होतं. सकाळी मी चष्म्यांचा आग्रह धरला तेव्हा नीलेश म्हणाला होता, ‘आल्या इन्स्पेक्टरीणबाई’ आणि वैशालीही हसली होती. मला पुन्हा तसं व्हायचं नव्हतं, संकोच वाटला, वगैरे. खोटं आहे हे. इतकी वर्षं मी हसण्यावारी नेली जातेय — एका वाक्याने मी गप्प बसणार होते होय? मला तो मायक्रोवेव्ह फुटताना बघायचा होता. मलाही मोठा आवाज हवा होता. एवढंच.

पत्र्याचा तुकडा वैशालीच्या डाव्या डोळ्यात गेला.

हॉस्पिटलमध्ये तिची मुलगी इरा धावत आली. इथेच जन्मलेली, तेव्हा सव्वीस वर्षांची. बापाकडे न बघता तिने मला विचारलं, “मेधामावशी, डिडन्ट एनीबडी रीड द लेबल?”

“मी वाचलं होतं,” मी म्हणाले. तिथे थांबायचं होतं. थांबले नाही. “मी सांगितलंही होतं त्याला.”

एका श्वासात निघालं ते. कुणी गळा धरला नव्हता माझा. नीलेश समोरच्या खुर्चीत बसला होता, शर्टावर बायकोचं रक्त. त्याने मान वर केली आणि — ऐका — तो मला सॉरी म्हणाला. म्हणाला, “कानावर मफ होते गं. मला ऐकूच आलं नसेल.”

माझ्या खोट्यातलं भोक त्याने स्वतःच्या हाताने बुजवून दिलं. आणि मी बुजवू दिलं.

डोळा वाचला नाही. वैशालीला अजून अंतराचा अंदाज येत नाही. चहा ओतताना कपाच्या बाहेर पडतो. पण ती नीलेशपासून वेगळी झाली ती डोळ्यासाठी नाही. मला ती म्हणाली होती, “चूक कुणाकडूनही होते. पण तू सांगत असताना ऐकलं नाही त्याने, हे मला नाही गिळता येत.” मी तिचा हात धरून बसले होते. समजूतदार मैत्रीण!

अजून एक आहे. तिच्या फोनवर तो व्हिडिओ होता. बार उडायच्या आधीचं मिनिटभरही त्यात होतं — आणि त्या मिनिटात माझा आवाज कुठेच नव्हता. ती म्हणाली, एकदा बघावा का? मी म्हणाले, कशाला त्रास करून घेतेस, डिलीट कर. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती. बटण मीच दाबलं.

भाषणानंतर नीलेश भेटायला आला. एकट्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, वाळलाय. माझे आभार मानले त्याने. म्हणाला, तू लोकांना सांगत राहा, निदान दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये. मी ‘हो’ म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. त्याचा राग आला मला — इतका भाबडा कसा हा माणूस? मग कळलं, तो राग त्याच्यावरचा नव्हताच.

त्यानंतरच्या रविवारी वैशालीकडे खरं काय ते सांगायला गेले. तिने पोहे केले. मी खाल्ले, इराच्या नोकरीबद्दल बोलले आणि परत आले.

म्हणून लिहिते आहे. हे मंडळाच्या अंकात येईल, आणि वैशाली तो पहिल्या पानापासून वाचते. कुणाचंही नाव मी बदललेलं नाही. कुणी फोन करावा, भेटावं, असं माझं काही म्हणणं नाही.

वैशाली, त्या दिवशी नीलेशला कुणीही काहीही सांगितलं नव्हतं.