डावीकडनं वेढलेला दोर

सांजच्याला पाण्यावर गेले तर जाळं ओलं. सकाळी मीच ते वर उचलून, दोर खुंट्याला बांधून मजुरीला गेले होते. दिवसभर कडक ऊन, मग ओलं कशानं? कुटंतरी पाणी मुरत होतं.

आमचं जाळं धरणाच्या काठावर उभं हाय. चार बांबूंच्या टोकांना ताणलेलं, काठावरनं दोर वढला की मासळीसकट वर येणारं. माझे मालक तरुणपणी समुद्राकडं कामाला होते, तितलं बघून त्यांनी हितं केलं. औंदा त्यांच्या अंगावरनं वारं गेलं, उजवा हात लुळा पडला. तवापासून एकच धोशा, "इकून टाक. आता कोण वढणार?" शेजारच्या रिसॉर्टवाल्याला ते शोभेला टांगायचं होतं, रविवारी येतो म्हणाला होता. मला इकायचं नव्हतं. जाळं गेलं की हा माणूस कायमचा भिंतीकडं तोंड करून पडंल, हीच धास्ती.

आणि त्यात माझ्यामागं जाळं टाकणारा हा चोर! खुंट्यावर बघितलं तर दोराचे वेढे उलटे, डावीकडनं. आमच्यात डावखुरं कोण? धाकटे दीर. मी सरळ त्यांच्या दारात.

"भाऊजी, मासं गोड लागतात का हो?"

"वैनी, डोकं फिरलंय का तुमचं?"

बघा, चोराच्या उलट्या बोंबा!

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे. दोन मासं गेलं तर काय मरतोय का आपण?" एक मासा निसटला तर जेवण टाकणारा हा माणूस, आणि आता जाऊ दे? मला त्यांचाबी संशय यायला लागला. दोघं भाऊ मिळून मलाच येड्यात काढत होते, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी कामाला जाते सांगून घाणेरीच्या झुडपाआड बसले. काठी टेकत टेकत आले ते मालकच. डाव्या हातानं दोर वढला, दातात धरला, पुन्हा वढला. जाळं वर आलं. आत दोन रोहू उड्या मारत होते. बघून एकटेच हसले, आणि दोर सैल सोडून मासं पाण्यात जाऊ दिलं. परत वढलं. मला रडू आवरंना, तोंडात पदर कोंबून बसले.

रविवारी रिसॉर्टवाला आला.

"जाळं इकायचं न्हाई," मी म्हणाले. "एका डावखुऱ्यानं ठेवून घेतलंय."

तो कुरकुरत गेला. मालक भिंतीकडं तोंड करून पडले होते. मग तसंच पडल्या पडल्या म्हणाले, "त्यो दोर तेवढा बदल मग. दातात काथ्या अडकतोय."