आटपाडीचा ग्रीक आचारी

"आमच्याकडं पाणी आणाय जावं लागतंय. हितं ते न बोलावता येतंया. न बोलावता येतंय त्याच्याकडं पाठ करू नगं, गड्या."

कांदा चिरता चिरता मामा हे मला दर खेपेला ऐकवायचे. हॉटेलच्या स्वयंपाकघरातलं टेबल मालकानं भिंतीकडं तोंड करून लावलं होतं. मामांनी पहिल्याच आठवड्यात ते ओढून खिडकीखाली घेतलं. खिडकीबाहेर समुद्र होता.

मी साताऱ्याचा. पॉलिहाऊसमधली परदेशी भाजी, म्हणजे लेट्यूस, बेसिल, रंगीत ढोबळी असली, पिकअपमध्ये भरून गोव्याच्या किनाऱ्यावरच्या एका गावात पोचवतो. तिथं एकाच रस्त्यावर साऱ्या जगाची हॉटेलं आहेत. तुम्ही ती पुढच्या दारानं बघता, दिवे आणि खुर्च्यांसकट. मी मागच्या दारानं बघतो, जिथं क्रेट उतरवतात. तिथंच मला मामा भेटले. निळ्या-पांढऱ्या रंगाच्या ग्रीक हॉटेलात ते मुख्य आचारी होते, आणि मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मालक तरुणपणी जहाजावर होता, तिकडच्या बंदरांत खाऊनपिऊन आला आणि त्यानं हे हॉटेल काढलं. मटण कुणाला कळतं याचा शोध घेत तो मामांपर्यंत पोचला होता.

मामांना ग्रीक नावं पाठ होती, पण मला सांगताना ते आपल्या भाषेत सांगायचे. "ही काकडीची कोशिंबीर. हे वांग्याचं भरीत, तिखट न घातलेलं. आन् हे कोकरू. कोकरू सगळ्या जगात कोकरूच असतंय."

कुठं जेवावं हे मी त्यांनाच विचारायचो.

"थाई बाईकडं जा. ती मसाला कुटती, डबा फोडत न्हाई. इटलीवाल्याकडं पीठ दिवसभर झाकून ठेवत्यात, तितं पाव खा. जपानी हॉटेलचा मालक सकाळी कच्चा मासा आधी सोता खातो, मग गिऱ्हाइकाला देतो. इमानदार माणूस हाय. पर तू आपलं शिजल्यालंच खा."

"आणि रशियन?"

"बिटाचं सार हाय. आजारी पडलास की जा."

मग स्टीलच्या ताटलीत मला मटण वाढायचे आणि मी खाताना माझ्याकडं न बघता खिडकीतून बाहेर बघत राहायचे.

पहिली दोन वर्षं मला ती त्यांची खोड वाटली. मग एकदा त्यांनी मला बाहेर नेलं आणि वाळूतून पाण्यापर्यंत चालायला लावलं. "मोज." बेचाळीस पावलं भरली. पुढच्या दिवाळीत तीस. त्याच्या पुढल्या वर्षी वाळू संपली आणि माडांच्या मुळ्या उघड्या पडल्या. त्या ओल्या, काळ्या मुळ्यांना मी हात लावून बघितला. मामा म्हणाले, "दर भरतीला थोडं थोडं न्हेतंय. शेळी झाड खाती तसं, कडंकडंनं."

मालकानं त्यावर उपाय काढला तो असा, की वाळू नाही तर नाही, माडांच्या आधारानं खांब रोवून पाण्यावरच लाकडी डेक बांधला. लोकांना ते फार आवडलं. पायांखाली लाटा, समोर सूर्यास्त. फोटो इतके फिरले, की जागेसाठी रांग लागू लागली. मामा मात्र डेकवर कधी गेले नाहीत. ताट दारापर्यंत न्यायचे, पुढं वेटर.

डेकच्या खाली, मागल्या खांबाला लागून, भांडी घासायची मोरी होती. तिथं मल्लव्वा बसायची. ती सीमेपलीकडची, कानडी बोलणारी, मामांपेक्षा थोडी लहान. दिवसभर समुद्राकडं पाठ करून घासत बसायची, कारण नळच तसा होता.

"शेठ, हिचा नळ रस्त्याच्या बाजूला घ्या," मामांनी दहा वेळा सांगितलं असेल. मालक म्हणायचा, "सीझन संपू दे."

एप्रिलमध्ये मामांनी मला बाजूला घेतलं. "माझं ऐकत न्हाईत. तू शिकल्याला हायस, तुला मानत्यात. तू सांग. डेकचा मागला खांब हलतोय."

मी सांगतो म्हणालो आणि मालकापुढं गेलो. त्या दिवशी मालक खुशीत होता, पुढल्या हंगामात दुप्पट भाजी घेईन म्हणाला. मी म्हणालो, "मामा जरा काळजी करतात." तो हसला. मीही हसलो. खांबाचं मी बोललोच नाही.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "बोललास?"

"बोललो."

ते "बरं" म्हणाले. मी विषय बदलायला म्हणालो, "मामा, साताऱ्याला चला. हायवेवर चांगली हॉटेलं आहेत." ते म्हणाले, "मल्लव्वाचा नळ हलला की येतो."

मे संपता संपता एका रविवारी दुपारी मी क्रेट उतरवत होतो. वारा सुटला होता, भरती होती. डेकवर एकच कुटुंब उरलं होतं. आधी खिळे निघाल्यासारखा आवाज आला, मग सगळं लाकूड एकदम कण्हलं. डेकवरचे लोक ओरडत आत पळाले, ते वाचले. मामांनी सुरी टाकली आणि खिडकीतून उडी मारली.

मी मोरीकडं उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा ते कमरेइतक्या पाण्यात होते. मल्लव्वाला त्यांनी दोन्ही हातांनी वर ढकललं. "धर हिला! आरं, धर!" मी तिचा दंड धरला आणि ओढलं. ती वर आली. मी पुन्हा हात खाली घातला, आणि त्याच वेळी पुढची लाट डेकच्या फळ्या घेऊन आत आली. लाट ओसरली तेव्हा तिथं नुसत्या फळ्या होत्या.

दुसऱ्या सकाळी कोळ्यांना ते सापडले.

पंचनामा उरकायला दिवस गेला; पुढल्या पहाटे निघालेल्या ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्याबरोबर मी बसलो. सांगली, कवठे महांकाळ, मग आटपाडीचं माळरान. दुपारी पोचलो, दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. खांबाचं मी त्यांच्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "तुमी सांगितलं असतं तर मालकानं ऐकलं असतं व्हय?"

सकाळी निघताना मामी म्हणाल्या, "उपाशी जाऊ नगा, भाऊ." शेजारणीनं आणून दिलेली भाकरी आणि आमटी त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि दाराला टेकून बसल्या.

मग पदर सावरत म्हणाल्या, "घरी आलं की चुलीपुढं बसायचं न्हाईत. सुट्टीत तरी इसावा असू दे म्हणून मीच बसू द्याची न्हाई. आमी त्यांच्या हातचं कवा खाल्लंच न्हाई."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"तुमी तर लय येळा खाल्लं आसंल. कसं करायचं वं?"

मी सांगायला लागलो. मामा कोकरू कसं सकाळपासून मंद आचेवर ठेवायचे, लिंबू कधी पिळायचे, हाडापासून मांस कसं आपोआप सुटायचं. मामी मधे मधे "व्हय?" म्हणत होत्या. माझी भाकरी संपली, तशी त्यांनी हात पुढं करून दुसरी वाढली. "सांगा, सांगा," त्या म्हणाल्या.