तिसरा रविवार

माझे वडील रेव्हरंड शांतवन लोंढे उमरग्याच्या देवळाचे पाळक होते, आणि विसरणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. गाव त्यांना पाद्रीअप्पा म्हणे, आम्ही घरात नुसतं अप्पा. सायकलवरून खेडी फिरत. कुणाच्या पोराला दात आले, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेला न्यायला माहेरचं कुणी आलं नाही, हे त्यांना घरच्यांच्या आधी ठाऊक. शेजारचे किराणावाले महालिंगप्पा गळ्यात लिंग बांधणारे, रोज शिवपूजा करणारे. पण कचेरीत उर्दूत अर्ज द्यायची वेळ आली की तेही कुंपणावरून अप्पांनाच कानडीत हाक मारत.

आई मिशनच्या शाळेत शिकवायची आणि सकाळी चुलीपुढून हलायला तिला फुरसत नसे, म्हणून आम्हा चार बहिणींच्या वेण्या अप्पा घालत. रविवारी वेणी घालता घालता उपदेशाची उजळणी चाले. पापाचा विषय असला की वेणी अशी आवळली जाई की आमच्या भुवया कपाळावर चढत. क्षमेचा असला की देवळात पोचेपर्यंत वेणी सुटलेली. आमच्या डोक्यांकडं बघून बायका आजचा उपदेश ओळखतात, असं आई सांगायची. आईला तिखटमीठ लावायची सवय होतीच.

सत्तेचाळीसच्या दसऱ्यानंतर माझं लग्न ठरलं. मुलगा सोलापूरचा, शाळेत मास्तर, नाव प्रभुदास आढाव. इंग्रज गेले होते, पण आम्ही अजून निजामाच्या मुलखात आणि सोलापूर हद्दीपलीकडं. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बातम्या बऱ्या नव्हत्या. ज्यांना जमलं त्यांनी बायकापोरं नळदुर्गाकडून पलीकडं पोचवली होती, आणि रस्ता कधी बंद होईल याचा नेम नव्हता. अप्पा देवळातल्या मंडळीला सोडून हलणार नव्हते, हे न बोलता ठरलेलंच होतं. निदान थोरली तरी वेळेत पलीकडं जावी म्हणून आईचा जीव टांगणीला लागला होता.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत नवरानवरीची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा, असं विचारतात. कुणी काही बोललं नाही की मग लग्न. हे रविवार लागोपाठच हवेत, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून, असा अप्पांचा दंडक. मंडळीतल्याच बलभीमच्या लग्नात पुरामुळं एक रविवार बुडाला, तर त्यांनी वऱ्हाडाला सरळ पुढच्या महिन्यात बोलावलं होतं.

आमची नावं पहिल्या रविवारी वाचली गेली. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी अप्पांनी देवळाच्या पत्र्याची डागडुजी सांगितली, सास्तूरच्या बारशाची तारीख सांगितली, आशीर्वाद दिला आणि खाली उतरले. आई बाकावरून उठायलाच विसरली. घरी आल्यावर अप्पा म्हणाले, राहून गेलं. सोलापूरला निरोप गेला, तारीख पुढं ढकलली.

पुन्हा पहिला रविवार झाला. दुसऱ्याच्या आदल्या दिवशी सास्तूरचा बब्रुवान आजारी असल्याचं कळलं आणि अप्पा सायकल काढून निघाले, ते सोमवारी परतले. बब्रुवानला साधं पडसं होतं. तो स्वतः त्यांना वेशीपर्यंत पोचवायला आला होता, हे अप्पांनीच भोळेपणानं सांगितलं. मी रागानं दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तिकडून प्रभुदासच्या वडिलांनी विचारलं, की तुमच्या मनात लग्न करायचं आहे ना?

त्या संध्याकाळी आई त्यांच्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही.

"तुमी इसरत न्हाय," ती म्हणाली. "उभ्या जन्मात काय इसरला न्हाय. पोरीला हितं ठिवून तिचं काय करनार हाव?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "कागद हातातच व्हता," ते म्हणाले. "जीभ उचलली न्हाय."

माझा राग तिथंच गेला. पण आता अप्पांना नावं वाचणं जमेल का, आणि जमलं तरी तोवर रस्ता उघडा राहील का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला पहिला रविवार पार पडला, दुसरा पार पडला. तिसऱ्याला देऊळ गच्च भरलं, कारण पाद्रीअप्पा पोरीचं नाव घेतात की नाही, हा गावात बोलायचा विषय झाला होता. महालिंगप्पासुद्धा दाराशी येऊन उभे राहिले. अप्पांनी कागद उलगडला. तबीथा शांतवन लोंढे, प्रभुदास आढाव, अशी नावं सावकाश वाचली. या लग्नाला कुणाची हरकत असेल तर सांगावी, असं विचारलं आणि थांबले. इतके थांबले की आईनं माझं मनगट धरलं.

"एक हरकत हाय," अप्पा म्हणाले. "मुलीच्या बापाची हाय. पाळकानं ती ऐकून घेतली आन् नामंजूर केली."

कुणी हसलं नाही. महालिंगप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. अप्पांनी पुढचं गीत सांगितलं आणि ते स्वतःच सगळ्यात मोठ्यानं गायले.

त्याच आठवड्यात त्यांनी माझं लग्न लावलं. आम्ही नळदुर्ग ओलांडलं, आणि थोड्याच दिवसांत तो रस्ता आमच्यासारख्यांना बंद झाला. पुढच्या पावसाळ्यात एका खेड्यात पटकीची साथ आली. अप्पा तिथं आजाऱ्यांपाशी राहिले आणि तिथंच गेले. मातीलाही मी नव्हते. निजामाचं राज्य गेलं, वाट मोकळी झाली, तेव्हा आईच्या तोंडून मला कळलं.

आई पुढं माझ्याकडं सोलापूरला राहिली. रस्ता बंद झाला असता तर काय केलं असतं यांनी, असं ती म्हातारपणीही चिडून म्हणायची, आणि तिचं खरंच होतं. मला मात्र ते चुकलेले रविवार कधीच जड झाले नाहीत. ते चुकले नसते, तर तेवढे दिवसही अप्पा मला मिळाले नसते.